घंटी हवीच, वाजवायची नाही

माझ्या सायकलीच्या घंटीचा आवाज फार गोड होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे तिच्याबद्दल कोणी चांगलं बोलणार नाही. पितळेची होती, लिंबाएवढी. निवृत्तीनंतर नवी सायकल घेतली तेव्हा हौसेने बसवून घेतली. दुकानदार म्हणाला होता, "निशिवाकी-सान, ही शोभेची समजा हं." मला वाटलं, घंटीचं कौतुक करतोय.

तर त्या दुपारी मी कामेबाशी बाजारातून चाललो होतो. ओसाकाच्या आमच्या भागातली ही लांबलचक गल्ली. वर छप्पर, दोन्हीकडे दुकानं, दुकानांचा निम्मा माल वाटेवर, आणि उरलेल्या जागेत माणसं आणि सायकली. माझ्या पुढे तात्सुमी-सान चालले होते. हे आमच्या बाजार मंडळाचे अध्यक्ष. सुक्या समुद्रशेवाळाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून अख्खी गल्ली आपल्या हवाली आहे अशा थाटात चालतात. वय ऐंशीच्या पलीकडे. हातात चिनीमातीचा वाडगा, वाडग्यात तोफू. डब्यातला तोफू त्यांना चालत नाही, घरचा वाडगा घेऊन जातात. मी उजवीकडून जायला बघितलं की ते उजवीकडे, डावीकडून बघितलं की डावीकडे. माणूस किती वेळ धीर धरणार? मी घंटी वाजवली. एकदाच, तीही हलकेच.

तात्सुमी-सान जागच्या जागी उडाले. तोफू त्यांच्याहून उंच उडाला.

गल्ली गप्प झाली. म्हणजे खरोखरच गप्प झाली, तळणीच्या कढईचा चुर्र आवाज ऐकू यायला लागला. मग आमच्या शेजारीण इनुई-सान, ज्यांचं भाजीचं दुकान बरोबर तिथेच असावं हे माझं नशीब, त्या मुळ्यांच्या राशीआडून म्हणाल्या, "तात्सुमी-सान, आज सूप रस्त्यावरच करणार का?"

तात्सुमी-सान हसले नाहीत. वळले, माझ्याकडे बघितलं, आणि कमरेत वाकून म्हणाले, "माफ करा. मीच तुमच्या वाटेत आलो." मग रुमालाने तोफू गोळा करायला लागले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. पण अपराध माझा आणि माफी त्यांची, याच्यावर माणसाने करायचं काय?

मी घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. माझी बायको चिकाको दारातच उभी.

"तुम्ही घंटी वाजवलीत?" तिने विचारलं. थोबाडीत मारलीत का, असं विचारावं त्या आवाजात.

"हळूच वाजवली गं."

"म्हाताऱ्या माणसाला? पाठीमागून? चल हट, बाजूला हो, असं?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"घंटी दुसरं काय म्हणते?"

 

मी रताळ्याच्या मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेलो. तात्सुमी-सान दिवाणखान्यात बसवून फार अदबीने बोलले. म्हणाले, राग नाही हो मुळीच, पण विचार मात्र पक्का झालाय. डावा कान गेलेला, उजवा जाण्याच्या वाटेवर. मागून कोण येतंय कळत नाही, आणि कळतं तेव्हा काळीज थाऱ्यावर राहत नाही. गल्लीत त्यांच्यासारखे बरेच. तेव्हा येत्या सभेत ठराव: बाजाराच्या दोन्ही तोंडांना लोखंडी दांडे लावायचे आणि सायकल बंद. ढकलत नेणं चालेल, बसून नाही.

"पण निशिवाकी-सान, तुम्ही शिकलेले," ते म्हणाले. "मागून येणाऱ्याने पुढच्याला न दचकवता, न दुखवता कसं कळवावं, याचा काही उपाय सभेत सांगितलात, तर दांडे लावणार नाही. मलाही हौस नाही." आणि उठताना माझ्या हातात माझ्या डब्याच्या दुप्पट किमतीचं शेवाळ ठेवलं. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, तसं आमच्यात भेट घेऊन गप्प बसायचं नसतं. चिकाकोने पीच पाठवले. तिकडून सुके मासे आले. आजतागायत हे चालू आहे, आणि कोण थांबणार हे दोन्ही घरांना माहीत नाही.

पण मी परत आलो तो पार गळून. कारण बाजारात सायकल बंद म्हणजे चिकाको बंद.

तिचा उजवा गुडघा गेलाय. चार पावलं चालली की भिंत धरते. पण सायकलीवर बसली की तिच्यासारखी तीच. बाजाराच्या पलीकडच्या तोंडाला शुश्रूषागृह आहे, तिथे तिची आई. सासूबाईंना आता कोणी ओळखू येत नाही, पण दुपारचं जेवण फक्त लेकीच्या हातून घेतात. मी एकदा भरवायला गेलो, तर घास तोंडात घेतला, माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि माझ्याच शर्टावर परत केला. दुसरा रस्ता म्हणजे मालट्रकांचा हमरस्ता आणि त्यावरचा चढाचा पूल. तो या गुडघ्याने होणं नाही.

"मग सांगतो ना सभेत," मी म्हटलं. "बायकोचा गुडघा असा असा आहे. कोण नाही म्हणेल?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझा गुडघा गल्लीत काढलात, तर मी वाकायामाला भावाकडे निघून जाईन. 'अरेरे चिकाको-सान' म्हणत सगळे बघायला लागले ना, की संपलंच. आजवर कोणाला कळू दिलं नाही मी."

म्हणजे जिंकायचा एकच हुकमाचा पत्ता आणि तो खेळायचा नाही. उरलं काय, तर पुढच्या माणसाला मागून कळवायचा उपाय. माणूस चंद्रावर जाऊन आला, म्हटलं, एवढं नाही जमणार?

आधी कायदा बघावा म्हणून चौकीत गेलो. तिथला तरुण पोलीस फार सभ्य.

"सायकलीला घंटी असलीच पाहिजे," तो म्हणाला. "नसेल तर गुन्हा."

"बरं."

"पायी चालणाऱ्याला बाजूला करायला ती वाजवायची नाही. वाजवलीत तर गुन्हा."

"मग कधी वाजवायची?"

"टाळता न येणारा धोका असेल तर."

"म्हणजे मी कोणावर आदळणार असेन तेव्हा."

त्याने विचार केला. "तेव्हा ब्रेक दाबा," तो म्हणाला.

मी त्याला वाकून नमस्कार केला. थट्टेने नव्हे. ज्या कोणी हे रचलं असेल त्याच्याबद्दल मला खरोखर आदर वाटला. प्रत्येकाच्या हातात घंटी द्यायची आणि ती कोणी वाजवायची नाही, हे राज्य चालवणं येरागबाळ्याचं काम नाही.

इनुई-सानचा सल्ला असा की तोंडाने बोलावं, देवाने जीभ कशाला दिली? सरळ म्हणावं, 'सुमिमासेन'. आता सुमिमासेन हा आमचा शब्द म्हणजे खांद्यावरचा पंचा. माफी मागायला तोच, आभाराला तोच, वाट मागायला तोच, आणि खाणावळीत वाढणाऱ्याला बोलवायलाही तोच. हे शेवटचं माझ्या लक्षात राहिलं नाही. मी नेमका खाणावळींच्या टप्प्यात, एका टोपीवाल्या आजोबांच्या मागे, खणखणीत आवाजात म्हणालो, "सुमिमासेन."

"आले, आले," म्हणत तीन दारांतून तीन बायका बाहेर आल्या. टोपीवाले आजोबा वळून मला म्हणाले, "सुमिमासेन," आणि आपण काय चुकलो याचा विचार करत तिथेच उभे राहिले. मी त्यांना म्हणालो, सुमिमासेन. त्या बायकांना म्हणालो, सुमिमासेन, तुम्हाला नव्हतं. तशी त्या तिघी मला म्हणाल्या, सुमिमासेन. पाच माणसं एकमेकांना वाकून वाकून माफी मागतायत आणि वाट पूर्ण बंद. शेवटी एवढ्या बायकांना उगाच बाहेर काढलं या लाजेने मी ऑक्टोपसचे गरम गोळे घेऊन उभ्यानेच खाल्ले आणि जीभ पोळून घेतली. देवाने ती कशाला दिली हे त्या दिवशी कळलं.

मग मी इतर लोक काय करतात ते बघायला लागलो, आणि खरं सांगतो, थक्क झालो. इतकी वर्षं या गल्लीत राहिलो आणि आंधळा होतो. पुढच्या माणसाशी इथे कोणी बोलतच नाही. बोलायचं ते दुसऱ्याशी, आणि पुढच्याने ते आपसूक ऐकायचं. एक बाई खोकते, पण खोकला तिचा नसतोच, पुढच्याचा असतो. दुसरी सायकलीच्या मागच्या सीटवर बसवलेल्या मुलीला म्हणते, "पुढे आजी आहेत हं बाळ, आपण अगदी हळू जाऊ." आणि आजी, जणू आपल्याला सहजच आठवलं अशा, केळी बघायला बाजूला होतात. कोणी कोणाला सरका म्हटलं नाही, कोणी कोणाला हलवलं नाही, आणि सायकल पुढे. अहो, याला विद्या म्हणतात.

मीही केलं. पिशवीवाल्या एका आजींच्या मागे जाऊन म्हणालो, "पुढे आजी आहेत हं बाळ, हळू जाऊ." आजी वळल्या. त्यांना मी दिसलो, आणि माझ्या पुढच्या टोपलीत कांद्याची पात दिसली. दुसरं कोणी नव्हतं. आजी बराच वेळ पातीकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं, माझ्या हातात ठेवलं, आणि म्हणाल्या, "घरी कोणी आहे ना तुमच्या?" संध्याकाळपर्यंत चिकाकोला तीन घरांतून विचारणा झाली की निवृत्ती त्यांना फार लागली का.

राहिला ब्रेक. जुन्या सायकलींचा ब्रेक किंचाळतो आणि लोक आपोआप बाजूला होतात, हे इनुई-साननीच दाखवलं. माझा ब्रेक नवा, मुका. सायकलीच्या दुकानात जाऊन म्हटलं, एवढा जरा किंचाळेल असा करून द्या. दुकानदाराने हातातलं टायर खाली ठेवलं.

"निशिवाकी-सान, तुम्ही डॉक्टरकडे जाऊन खोकला मागता का?"

"पैसे देतो ना."

"पैशाचा प्रश्न नाही. माझ्या दुकानातून ओरडणारा ब्रेक बाहेर गेला, तर मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

त्याचा अपमान झाला होता. मी सुमिमासेन म्हणून घरी आलो आणि ब्रेकवर स्वतःच साबणाचं पाणी, मग बारीक वाळू, मग पुन्हा पाणी असे प्रयोग केले. आवाज आला. काय आवाज आला, डुकराच्या नरड्यावर सुरी ठेवल्यासारखा. गल्ली दुभंगली, पार शेवटापर्यंत माणसं दोन्ही कडांना चिकटली, आणि क्षणभर मला वाटलं, सापडला उपाय. तेवढ्यात लक्षात आलं की ब्रेक नुसता ओरडतोय, धरत काही नाही. मी इनुई-सानच्या मुळ्यांच्या राशीत जाऊन थांबलो.

इनुई-सान कमरेवर हात ठेवून उभ्या. "सल्ला मी दिला खरा," त्या म्हणाल्या, "पण मुळ्यांनी काय केलं होतं?"

त्या आठवड्यात आमच्याकडे मुळ्याचं लोणचं, मुळ्याची आमटी आणि किसलेला मुळा होता. चिकाको गुडघ्यावर पट्टी बांधता बांधता एकदाच म्हणाली, "राहू दे हो. आईला मीच समजावीन." ज्या बाईला लेक ओळखू येत नाही तिला ही काय समजावणार होती? मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

सभेचा दिवस आला. सभागृह बाजाराच्या पलीकडच्या टोकाला, शुश्रूषागृहाच्या शेजारी. आईच्या जेवणाचीही तीच वेळ, म्हणून दोघं बरोबरच निघालो. ती पुढे, मी मागे. माझ्या डोक्यात सांगायला एक अक्षर नव्हतं. वर्षअखेरच्या खरेदीमुळे दुकानांनी आणखी पुढे टेबलं मांडलेली. वाट एका माणसापुरती उरलेली.

आणि मासळीच्या दुकानापाशी आमच्या पुढे तात्सुमी-सान. सभेलाच निघालेले. म्हातारी माणसं ढकलतात तशी चार चाकांची छोटी गाडी दोन्ही हातांनी ढकलत, एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. पूर्वी चालताना त्यांना काही धरावं लागत नव्हतं. तोफूच्या दिवसापासून ती गाडी आली होती.

चिकाकोने वेग कमी केला. मग आणखी कमी केला. मी मागून बघत होतो आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ती काय करते. थांबलं की परत निघताना उजवा गुडघा वाकवून पायडलवर जोर द्यावा लागतो, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. म्हणून ती थांबतच नव्हती. मुंगीच्या पावलाने चाललेल्या माणसामागे ती मुंगीच्या पावलाने सायकल चालवत होती. हँडल इंचभर इकडे, इंचभर तिकडे, पाठ ताठ, पाय जमिनीला नाही. मी तसा प्रयत्न केला आणि दोनदा कोळंबीच्या टोपलीवर पडता पडता वाचलो. हे ती रोज करत होती. मला वाटायचं, ती सायकल आरामात चालवते.

तात्सुमी-सान मध्येच उभे राहिले. शिंपले बघत असावेत. आता मात्र तिला पाय टेकावा लागला. ते पुढे निघाले, तिने पायडल मारलं, आणि तिचे खांदे वर गेले तसेच क्षणभर वरच राहिले. आवाज नाही. ते पुन्हा थांबले. ती पुन्हा थांबली. माझा अंगठा घंटीवर गेला होता, ते मी नाकारत नाही. वाजवली असती तर ते बाजूला झाले असते, ती सुटली असती. मी अंगठा काढून घेतला, कारण तिने मला माफ केलं नसतं.

केव्हातरी मी मागे बघितलं. माझ्या मागे तळणीवाला होता, हातात तेलाचे डबे. त्याच्या मागे पोराला सायकलीच्या सीटवर बसवलेली बाई. इनुई-सान होत्या, तो टोपीवाला म्हातारा होता, आणखी सायकली, त्यांच्या मागे आणखी, थेट छपराखालचे दिवे बारीक होत जातात तिथपर्यंत. कोणी खोकलं नाही. कोणाचा ब्रेक वाजला नाही. सीटवरचं पोरही गप्प. अख्खा बाजार एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या पावलाने चालला होता आणि त्याला पत्ता नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. मोठमोठ्या देवळांत गेलोय मी, पण असं कुठे झालं नव्हतं.

सभागृहाच्या दाराशी तात्सुमी-सान वळले. बघतच राहिले.

"कधीपासून आहात हे सगळे?"

"मासळीपासून," इनुई-सान लांबून मोठ्याने म्हणाल्या.

"मग हाक का नाही मारली?"

 ते चिकाकोकडे वळले, जरा ओशाळून, जरा रागावून. "चिकाको-सान, सायकल हातात धरून बाजूने निघून जायचं होतं. आई जेवायच्या थांबल्या असतील."

 मला वाटलं, ती हसेल आणि काहीतरी घाईचं निमित्त सांगेल. ते तिला छान जमतं. पण ती दमली होती. "मला उतरता येत नाही, तात्सुमी-सान," ती म्हणाली. "गुडघा गेलाय. मध्ये उतरले तर परत चढता येत नाही."

मी पटकन मागे बघितलं, आता 'अरेरे' सुरू होणार म्हणून. तळणीवाला तेलाच्या डब्यावरची अक्षरं वाचत होता. इनुई-सान छपराकडे बघत होत्या. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला की मासळीवाला तिची पुडी नेहमी धावत येऊन तिच्या टोपलीत का ठेवतो, आणि इनुई-सान बाकी कोणासाठी दुकानाबाहेर पाऊल टाकत नाहीत, तिच्यासाठी का टाकतात. सगळ्यांना ठाऊक होतं. किती दिवसांपासून कोण जाणे. चिकाकोनेही वळून बघितलं, एकेकाकडे, आणि तिचा चेहरा लाल होत गेला. ती काही बोलली असती तर कोणीतरी आणखी काहीतरी वाचायला घेतलं असतं.

ठाऊक नव्हतं ते एकट्या तात्सुमी-सानना. त्यांनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं, मग आपल्या ढकलगाडीकडे.

"चाकांशिवाय माझंही होत नाही," ते पुटपुटले, आणि गाडी ओढून घेऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "जा. आई थांबल्या असतील." चिकाको गेली. तिच्या मागोमाग बाकी सगळे निघाले, आणि जाणारा प्रत्येकजण वाकून जात होता. तात्सुमी-सानही प्रत्येकाला वाकत होते, शेवटच्यापर्यंत.

सभा उशिरा सुरू झाली. मला उभं केलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "उपाय सापडला नाही."

तात्सुमी-सान म्हणाले, "बरं," आणि वर्षअखेरच्या सोडतीत पहिलं बक्षीस तांदळाचं द्यावं की खेकड्यांचं, हा विषय घेतला. त्यावर कडाक्याचं भांडण झालं. दांड्यांचा ठराव मंजूर झाला नाही, नामंजूरही झाला नाही. तो आमच्याकडे ठेवतात तसा कुठेतरी ठेवून दिला, आणि कुठे ते कोणाला आठवत नाही.

मी शेजारी शुश्रूषागृहात गेलो. चिकाको दाराकडे पाठ करून बसली होती. सासूबाईंना चमच्याने भात भरवत होती, आणि त्या शहाण्या मुलीसारख्या तोंड उघडत होत्या. मी दारातच थांबलो. हाक मारली तर ती दचकेल, चमचा हलेल. खोकावं, तर तो खोकला कोणाचा? पुढे जाऊन उभं राहावं, तर सासूबाई मला बघून घास माझ्यावर परत करतील. मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

"उभे काय राहिलात," चिकाको मागे न बघता म्हणाली. "तो रुमाल द्या इकडे."